‘द’ नेमका कुठे लावायचा?

मराठी माध्यमात शिकून आता कचेरीत इंग्रजी ईमेल लिहिणारे अनेकजण मला विचारतात, ‘द’ कुठे लावायचा याचा एकच नियम सांगा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नामाकडे बघू नका, वाचणाऱ्याकडे बघा. तुम्ही कोणत्या वस्तूबद्दल बोलताय हे त्याला ओळखता येणार असेल तर ‘द’. येणार नसेल आणि वस्तू मोजता येणारी, एकच असेल, तर ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’.

मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांसारखे आर्टिकल नाहीत, पण हा भेद आपण लहानपणापासून करतो. ‘एक होता राजा. राजाला दोन राण्या.’ पहिला राजा अनोळखी, म्हणून ‘एक’. पुढच्याच वाक्यात तो ओळखीचा झाला आणि ‘एक’ गळला. इंग्रजीत इथे आधी ‘अ किंग’, मग ‘द किंग’. ‘डॉक्टर बोलवा’ म्हटलं की कुणीही चालतो. ‘डॉक्टरांना बोलवा’ म्हटलं की आपले ठरलेले. मराठी हे बरंचसं संदर्भावर सोडते, इंग्रजी ते दर वेळी सांगायला लावते. शाळेत ‘द सन, द मून’ अशा सूर्य-चंद्राच्या यादीऐवजी राजाच्या गोष्टीपासून सुरुवात व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

एवढ्याशा शब्दाने काय बिघडतं, असंही विचारतात. नोव्हेंबर १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २४२ मंजूर केला. त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने सैन्य मागे घ्यावं, असं त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नाही. म्हणून सगळेच प्रदेश सोडायला सांगितलेलं नाही, असं इस्रायल म्हणतं. अरब देश फ्रेंच मसुदा पुढे करतात. तिथल्या आर्टिकलमधून ‘ते सगळे प्रदेश’ असा अर्थ निघतो, असं त्यांचं म्हणणं. हा वाद अजून मिटलेला नाही.

‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे मात्र सोपं आहे, कानाने ठरवायचं: अ‍ॅन अवर, अ युनिव्हर्सिटी, अ‍ॅन एमएलए. ‘एक सल्ला’ मराठीत चालतो, पण ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ चालत नाही, कारण इंग्रजीत सल्ला मोजत नाहीत. ‘द हिमालयाज’ पण ‘माउंट एव्हरेस्ट’, हे पाठच करावं लागतं. मुलगी शिकायला जाते ती ‘टू स्कूल’. तिची आई बाईंना भेटायला जाते ती ‘टू द स्कूल’.

आता तुमचा ईमेल. साहेबांनी कालच मागितलेली फाइल पाठवताय? मग ‘द फाइल’. आपणहून, त्यांना ठाऊक नसलेली पाठवताय? मग ‘अ फाइल’. ‘द’ लिहिल्यावर समोरचा ‘कुठली?’ असं विचारेल असं वाटलं, तर तो ‘द’ काढा, नाहीतर कुठली ते त्याच वाक्यात सांगा.