पहिल्या दाबाला चालू झाला पाहिजे

सांगलीत वखारभागात आमचं दुकान २००३ साली सुरू झालं ते दुरुस्तीसाठी नव्हे, विक्रीसाठी. तेव्हा असेंबल्ड संगणक जोडून विकणं हाच धंदा होता. रात्रीच्या गाडीनं मुंबईला जायचं, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर भाव काढत फिरायचं आणि परतीच्या गाडीत मदरबोर्डाची खोकी मांडीवर घेऊन यायचं. पेंटियम ४, दोनशे छप्पन्न एमबी रॅम, चाळीस जीबीची डिस्क, पंधरा इंची डबा मॉनिटर. एमएससीआयटीची केंद्रं गावोगावी निघत होती, पोरांना घरी सरावाला मशीन हवं होतं. माल आला की दोन दिवसांत संपायचा.

पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लॅपटॉप स्वस्त झाले, मग गिऱ्हाईक मोबाईलवर भाव दाखवून "एवढ्यात देता का?" म्हणायला लागलं. त्यावर रडगाणं गाण्यात अर्थ नाही. आम्ही टिकलो ते आम्हीच विकलेली मशिनं म्हातारी झाली म्हणून.

आता कुणी विचारेल, पंधरा वर्षांचं मशीन दुरुस्त कशाला करायचं, नवं का घेत नाहीत लोक? त्यानं एकदा मार्केट यार्डातल्या अडत दुकानात जाऊन बसावं. इलेक्ट्रॉनिक काट्याची वायर संगणकाच्या जुन्या कॉम पोर्टात गेलेली असते. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, तीन प्रतींत काढायची तर कार्बनवर ठोकणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लागतो, तो मागच्या जाड पॅरलल पोर्टाला लावलेला. हिशेबाचं सॉफ्टवेअर कुणीतरी कधीकाळी लिहून दिलेलं, लिहिणारा आता पुण्यात नाहीतर परदेशात. नव्या मशीनला यातलं काहीच नीट बसत नाही. कन्व्हर्टर मिळतात, पण ऐन सौद्यात काटा वाचायचा थांबला तर हमाल, तोलार, शेतकरी सगळे मालकाच्या तोंडाकडे बघत उभे. त्यामुळं मालक म्हणतो, हेच चालवून द्या.

आणि हेच मशीन सकाळी लागत नाही.

पूर्ण बंद पडलेलं मशीन आम्हाला आवडतं. काय गेलंय ते सापडतं, बदलतं, विषय संपतो. खरा पिळतो तो कधी लागणारा, कधी न लागणारा संगणक. गिऱ्हाईक उचलून आणतं, आमच्या टेबलावर तो पहिल्या दाबाला सुरू होतो. गिऱ्हाईक खजील. परत नेतं, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. आमच्या धंद्याची दिशा बदलली ती अशाच मशिनांनी, आणि त्यातलं एक सांगण्यासारखं आहे.

हळदीच्या एका जुन्या अडत्याचं मशीन. जी३१ चिपसेटचा बोर्ड, २००९ च्या सुमाराचं. शेठनी आल्या आल्या तक्रार मांडली, "सकाळी बटण दाबलं की पंखा जरासा फिरतोय आन् गप. परत दाबलं की परत तसंच. चार-पाचदा केलं की लागतंय. एकदा लागलं की मग दिवसभर काय नाही बघा." दुसऱ्या एका ठिकाणी त्यांची रॅम बदलून झाली होती, विंडोज नव्यानं टाकून झालं होतं. विंडोज टाकायचं कारण मला आजतागायत कळलेलं नाही. स्क्रीनवर काही यायच्या आधीच जे मशीन मरतंय, त्यात विंडोजचा संबंध येतोच कुठं?

आमच्याकडे अर्थातच ते लगेच लागलं. पण शेठच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. सकाळी, आणि एकदा लागलं की दिवसभर काही नाही. मग मी विचारलं, "रात्री दुकान बंद करताना भिंतीवरचं बटण बंद करता का?" शेठ म्हणाले, "करतो की. मेन स्विचच पाडतो. आगीची भीती असती ओ, गोणपाट आहे सगळं."

इथं थोडं आतलं सांगतो. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत संगणकाचा एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी करून देणारा आतला डबा) कधीच पूर्ण झोपत नाही. त्याची जांभळी वायर बोर्डाला पाच व्होल्ट कायम देत असते, तिला स्टँडबाय म्हणतात. समोरचं बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर खाली ओढतो, एसएमपीएस बाकीचे व्होल्टेज उभे करतो, ते ठरल्या मर्यादेत आले की करड्या वायरवरून 'सगळं ठीक' असा इशारा देतो. तो इशारा येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला पुढं सरकू देत नाही. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर. आता यातले कॅपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून व्होल्टेज सावरणारे छोटे डबे (आमच्या लाइनीत जुनी माणसं अजून कंडेन्सरच म्हणतात) सुकलेले असतील तर थंड असताना ते कामाला येत नाहीत. व्होल्टेज थरथरतं, इशारा येत नाही किंवा येऊन जातो, मशीन गप. चार-पाचदा दाबलं की ते थोडे भरतात, थोडे गरम होतात आणि गाडी निघते. मेन स्विच रात्रभर पाडलेला, म्हणजे स्टँडबायही बंद, म्हणजे सकाळी सगळं गार. वर डिसेंबर-जानेवारीची थंडी.

आम्ही मशीन रात्रभर भिंतीपासून सोडवून ठेवलं. सकाळी पोरानं बटण दाबलं, फुर्रकन पंखा हलला आणि गप. तेव्हा घरून आणलेला केस वाळवायचा ड्रायर प्रोसेसरशेजारच्या कॅपॅसिटरांवर मिनिटभर धरला, लांबून, बेतानं. बटण दाबलं, लागलं. बंद करून गार होऊ दिलं, परत गप. आता दोष कुठल्या भागात आहे ते कळलं होतं. एसएमपीएस दुसरा लावून बघितला तरी तसंच, म्हणजे बोर्डावरचेच. मजा अशी की एकही कॅपॅसिटर फुगलेला नव्हता.

२००२-०५ च्या आसपासच्या बोर्डांत भेसळ इलेक्ट्रोलाइटचे (आतल्या रसायनाचे) कॅपॅसिटर जगभर आले होते, ते फुगून वरची चीर फाटायची, तपकिरी डाग पडायचा. तो रोग डोळ्यांना दिसायचा. त्यामुळं आमच्या पिढीच्या मेकॅनिकला सवय लागली की टोपी सपाट तर माल चांगला. तसं नसतं. सुकलेला कॅपॅसिटर वरून अगदी नीट दिसतो, साध्या मल्टिमीटरवर त्याचा आकडाही बरा येतो. त्याचा आतला रोध वाढलेला असतो, तो मोजायला ईएसआर मीटर लागतो. तो मीटर आम्ही त्या मशीनच्या निमित्तानं घेतला.

कॅबिनेट पूर्ण उघडलं तेव्हा आत हळद होती. चिमूटभर नाही, थर. प्रोसेसर गार ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये पिवळी माती लिंपल्यासारखी भरलेली, एसएमपीएसच्या जाळीला बोट लावलं तर बोट पिवळं. हळदीची पूड साध्या धुळीसारखी फुंकरीनं उडत नाही. तिला तेल असतं, ती चिकटते. ब्लोअर मारला तर निम्मीच निघते, बाकीची ब्रश आणि आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) सोडवावी लागते. हवा खेळत नव्हती म्हणून बोर्ड वर्षानुवर्षं तापत होता. या कॅपॅसिटरांचं साधं गणित आहे, तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. शेठच्या संगणकाला हळदीनं मारलं होतं, विजेनं नाही.

कॅपॅसिटर बदलणं हे बोलायला सोपं. बोर्ड अनेक थरांचा असतो, ग्राउंडचा पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो, पंचवीस वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीनं सोल्डर हलतच नाही. जोर केला की भोकातलं तांबंच उपटून येतं आणि बोर्ड कायमचा जातो. आधी खालून बोर्ड कोमट करायचा, ताजं सोल्डर घालायचं, मग पंपानं ओढायचं. माझ्या धाकट्या भावाचा हात या कामाला चांगला आहे, तो करतो. मी काउंटर सांभाळतो आणि गप्पा मारतो.

मशीन लागलं. पण खरी अडचण बिलाची होती. सामान फार तर दीडशे रुपयांचं. डोकं, रात्रभर थांबणं, तपासणी, सोल्डरिंग, याचे किती घ्यायचे? आमच्याकडे लोकांना वस्तूचे पैसे द्यायला काही वाटत नाही, निदानाचे द्यायला जड जातं. "नुसतं बघायचे दोनशे?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. म्हणून कित्येक दुकानं सरळ एसएमपीएस बदलतात, नाही चाललं तर रॅम, नाही चाललं तर बोर्ड, आणि गिऱ्हाईक आनंदानं पैसे देतं, कारण हातात वस्तू येते. आम्ही तेव्हापासून तपासणीची फी वेगळी लावली आणि दोष सापडला नाही तर ती परत, असं भिंतीवर लिहून ठेवलं. सुरुवातीला निम्मं गिऱ्हाईक पायरीवरून परत गेलं. यार्डातलं मात्र टिकलं. त्यांना निदानाची किंमत कळते, तेही गोणीत हात घालून, बोटावर घासून माल ओळखतात.

जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला आणि आमच्याकडे वेगळीच रीघ लागली. "इंटरनेट आहे, बाकी सगळं चालतं, पण रिटर्न भरायची साइट उघडत नाही." बघावं तर संगणकाची तारीख २००९ सालातली. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला. त्याचं काम तीन व्होल्टांवर घड्याळ जिवंत ठेवणं. भिंतीवरचं बटण चालू असेल तर स्टँडबायवर घड्याळ निभावतं, कळतही नाही. मेन स्विच पाडला की रात्रीत तारीख मागं जाते, आणि सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला जन्मलेलंच नसतं, मग ब्राउझर दार लावून घेतो. काही बोर्ड तर सेल मेला की सकाळी एफ१ दाबा म्हणून अडून बसतात, आणि कीबोर्ड यूएसबीचा असून तो वेळेत ओळखला गेला नाही की गिऱ्हाईकाच्या लेखी 'संगणक लागत नाही'. चाळीस-पन्नास रुपयांचा सेल. याची तपासणी फी आम्ही घेत नाही, लाज वाटते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या गाळ्यात पाणी होतंच. पाणी उतरल्यावर लोक चिखल भरलेले संगणक घेऊन आले. त्या वेळी आम्ही दोनच नियम ठेवले. कुणीही चालू करून बघायचं नाही, आणि बुडालेला एसएमपीएस परत वापरायचा नाही, कितीही वाळवला तरी. त्याच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर तीनशेवर व्होल्ट असतात, वायर काढल्यावरही काही वेळ राहतात. बोर्ड धुऊन, आयपीएनं पुसून, उन्हात न ठेवता वाळवून पुष्कळ वाचले. पण पुरातून वाचलेला बोर्ड हमखास अधूनमधून दगा देतो, सॉकेटच्या पिनांत गाळ राहतो. त्यामुळं डेटा काढून घ्या आणि यावर विसंबू नका, असं आम्ही तोंडावर सांगितलं. काही जण नाराज झाले.

लॉकडाउनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी माळ्यावरचे संगणक खाली आले. त्यातले निम्मे खोडरबरनं लागले असतील. रॅमची पट्टी काढायची, सोनेरी दात खोडरबरनं घासायचे, चुरा झटकून घट्ट बसवायची. लांब बीप परत परत येत असेल तर बहुतेक वेळा हेच. काहींचं समोरचं बटणच अडकायचं, तिथं रिसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून द्यायचो, फुकटात काम. फोनवरून सांगून लोकांकडूनच करून घेतलं. पण रॅम घासून महिन्यात पुन्हा तीच तक्रार आली तर परत घासत बसू नये, मूळ दुसरीकडं असतं.

एक मात्र मी आडून सांगत नाही. व्हिडिओ बघून एसएमपीएसच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत कागदाची टाचणी घालून पंखा फिरला की 'एसएमपीएस चांगला आहे' म्हणणारे रोज येतात. बिनओझ्याचा पंखा फिरणं आणि ओझ्याखाली बारा व्होल्ट ११.४ ते १२.६ च्या मध्ये टिकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टाचणीनं 'मेलाय' हे कळतं, 'धडधाकट आहे' हे कळत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय बोर्डात लागते, आमच्या यार्डातली बहुतेक मशिनं त्यात बसत नाहीत. म्हणून आम्ही आता दोन मशिनं सुचवतो. बँक, जीएसटी, मेल यांसाठी नवं किंवा चांगलं वापरलेलं. काटा आणि पट्टीसाठी जुनंच, इंटरनेटची वायर काढून, आत जुन्या डिस्कच्या जागी साटा एसएसडी टाकून. जुन्याला वर्षाचा करार: हळदीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा पूर्ण उघडून सफाई, हंगाम संपल्यावर एकदा, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बदलणं, सेल बदलणं, ईएसआर मीटर फिरवणं, अर्थिंग बघणं. कॅबिनेट जमिनीवरून उचलून पोत्यांपासून लांब, हे पहिलंच कलम.

सध्या अडचण आहे ती सुट्या मालाची. चांगल्या कंपनीचे, १०५ अंशांपर्यंत तग धरणारे कॅपॅसिटर इथं मिळत नाहीत, मिळतात त्यात जुन्या बोर्डांवरून काढलेला माल धुऊन नवा म्हणून येतो, पाय बघितले की सोल्डरची खूण दिसते. आम्ही आता मागवून, प्रत्येक पाकिटातला एक मीटरवर घालून मगच लावतो. हळदीच्या शेठचं ते मशीन करारात आहे, गेल्या हंगामाआधी त्यांच्या मुलानं स्वतःच फोन केला, "सफाईला कधी येताय? सौदे सुरू व्हायच्या आधी या."