तुम्ही विचारलंत म्हणून: भाऊ माझ्याकडे मुक्कामाला का येत नाही

"भाऊ कराडला, तुम्ही साताऱ्यात. तास-दीड तासाची वाट. मग तो कधी राहायला कसा येत नाही हो?" शेजारच्या वहिनी विचारतात, शाळेतल्या बाई विचारतात. परवा एका पालकांनीही विचारलं. आजवर मी "त्याला सुट्टी मिळत नाही" असं सांगत आले. ते खोटं आहे. लहानपणी मी त्याचा छळ केला. माझ्या घरात रात्र काढायची म्हटलं की आजही त्याच्या जिवावर येतं.

वडील एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी असली की दुसऱ्या दिवशीच घरी यायचे. आई सरकारी दवाखान्यात सिस्टर. दुपारची ड्युटी असली की रात्री नऊनंतर यायची. नाईट असली की शेजारच्या काकू आमच्याकडे झोपायला येत. ही 1984-85 सालची गोष्ट. मी दहा वर्षांची होते, धाकटा सहाचा. दारात चपला घालता घालता आई त्याला म्हणायची, "ताईचं ऐकायचं हं." मला काय सांगायचं, हे कुणाला सुचलं नाही. त्याला लागलं, तो पडला, तर बोलणी मला बसणार, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

आमची मोरी घराच्या मागच्या अंगाला होती. मांजर शिरू नये म्हणून तिला बाहेरूनही कडी होती. त्यानं ऐकलं नाही की मी त्याला आत घालून ती कडी लावायचे. पहिल्यांदा त्यानं दार बडवलं, हंबरडा फोडला. मी बाहेरून सांगितलं, "ओरडलास तर अजून वेळ ठेवीन." तेव्हापासून तो ओरडेनासा झाला. आतून नळाचे थेंब बादलीत पडल्याचा आवाज यायचा आणि मधूनच त्यानं नाक ओढल्याचा. मी बाहेर पाटावर बसून पाढे लिहायचे.

पण कडीपेक्षाही वाईट होतं ते मी त्याला सांगून ठेवलेलं. "आईला कळलं ना, तर ती ड्युटीवरून घरी येणारच नाही." सहा वर्षांच्या पोराला हे खरं वाटतं. आई यायच्या वेळेला तो फाटकाशी जाऊन उभा राहायचा. सगळे म्हणायचे, आईवेडा आहे. ती दिसेपर्यंत त्याच्या जिवात जीव नसायचा, हे एकट्या मला माहीत होतं.

आणखी एक आठवतं. कुणी पाहुण्यांनी चॉकलेट दिलं की तो न मागता आधी माझ्यापुढे धरायचा. कंपासपेटीतली नवी पेन्सिल स्वतःहून मला द्यायचा. काही विचारलं की म्हणायचा, "ताईला विचारून सांगतो." मावशी कौतुकानं म्हणायची, "किती जीव आहे बहिणीवर!" ती भीती होती, आणि घरातल्या एकाही मोठ्या माणसाला ती ओळखता आली नाही. मी आज शिक्षिका आहे. वर्गात एखादं मूल भावंडाच्या आधी हसत नाही, भावंडाच्या आधी खात नाही, असं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आजी वाली-सुग्रीवाची गोष्ट सांगायची. मतंग ऋषींच्या शापामुळे वालीला ऋष्यमूक पर्वतावर पाऊल टाकता येत नव्हतं, म्हणून सुग्रीव तिथे जाऊन राहिला. माझ्या भावाचा ऋष्यमूक म्हणजे त्या काकूंचं स्वयंपाकघर. शाळेतून आला की दप्तर घेऊन तिकडेच जायचा, कणीक मळणाऱ्या काकूंच्या पाठीशी टेकून अभ्यास करायचा. काकूंनी त्याला कधी "का रे, घरी जात नाहीस?" असं विचारलं नाही. बसू दिलं, एवढंच. त्यांचे उपकार मी त्या असेतोवर बोलून दाखवले नाहीत, याचं वाईट वाटतं.

मी असं का केलं? घर सांभाळायचा ताण होता, हे खरं. तरी अर्धंच खरं. मला ते आवडायचं. मी नुसती भुवई उचलली की एक माणूस गप्प बसतो, हे दहाव्या वर्षी फार मोठं वाटतं. शाळेत मला कुणी विचारत नव्हतं, घरी माझं राज्य होतं. चारेक वर्षं हे चाललं. मी आठवीनंतर शिकायला मामाकडे गेले तेव्हा संपलं. ते मी थांबवलं नाही, माझ्या जाण्यानं थांबलं.

मग मी विसरून गेले. हेच सगळ्यात भयंकर आहे. माझ्या मुलाच्या मुंजीला भाऊ सहकुटुंब आला, एक रात्र राहिला. सकाळी मी बाथरूमचं दार ढकललं तर तो आत दाढी करत होता. मी ओशाळून मागे सरले. भावजय सहज म्हणाली, "ताई, ह्यांना आतून कडी लावायची सवयच नाही. लग्न झाल्यापासून बघतेय. दार बंद झालं की ह्यांना घाम फुटतो." तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांना बाराव्या वर्षी विचारलं गेलं, की भावंडं तुम्हाला मारतात का, चिडवतात का, खोटं पसरवतात का. अठराव्या वर्षी त्यांची पुन्हा चौकशी झाली. ते संशोधन 2014 साली छापून आलं. आठवड्यातून अनेकदा छळ सोसलेल्या मुलांमध्ये नैराश्याचं प्रमाण, ज्यांचा छळ झाला नव्हता त्यांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते.

"भावंडांत भांडणं व्हायचीच," असं पालक मला सांगतात. व्हायचीच, मी कुठे नाही म्हणते! भांडणात आज हा जिंकतो, उद्या ती. दोघंही चिडलेली असतात आणि तासाभरात एका ताटात जेवतात. पण दर वेळी एकच जण रडत असेल आणि दुसरा खोलीत नसतानाही तो दबकून बोलत असेल, तर ते भांडण नव्हे. अशा वेळी "दोघं मिळून मिटवा" म्हणणं म्हणजे धाकट्याला पुन्हा मोरीत घालणं आहे. त्याला एकट्याला बाजूला घ्या. दुधाला जाताना, केस विंचरताना. "ताई मारते का?" असं विचारलंत तर तो नाही म्हणेल. मीही माझ्या भावाकडून "नाही"च वदवून घेतलं असतं. "आम्ही नसताना तुम्ही काय काय करता?" असं विचारा आणि तो कुठे अडखळतो ते ऐका. मोठ्यालाही विचारा. दहा वर्षांच्या मुलीच्या हाती अख्खं घर देऊन जाताना "तुला जमेल का गं?" एवढं तरी विचारा.

मुंजीनंतर तीन महिन्यांनी मी कराडला गेले आणि त्याला सगळं बोलून दाखवलं. मोरी, कडी, आईचं ते खोटं. मी रडले. तो रडला नाही. चहाचा कप बशीत फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं, तुला आठवतच नसेल." बऱ्याच वेळानं म्हणाला, "बरं केलंस बोललीस. पण ताई, मला तुझ्याकडे झोप लागत नाही. राग मानू नकोस."

मी कसला राग मानणार? आता भाऊबीजेला मीच जाते. तो पाटावर बसतो, मी ओवाळते, त्याच्या दोन्ही मुली माझ्या अंगाखांद्यावर असतात. जेवण झालं की तो मला स्टँडवर सोडायला येतो आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा असतो. अंधार पडायच्या आत मी साताऱ्यात पोचते.