क्लिक एक, मोजले दोन: माउसच्या वॉरंटीचा माझा अनुभव

आधी कामाचं सांगतो. तुमचा माउस एका क्लिकला दोन क्लिक मारत असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल, तर सर्व्हिस सेंटरला नुसता माउस घेऊन जाऊ नका. ऑनलाइन क्लिक टेस्टचा व्हिडिओ घेऊन जा. तो कसा काढायचा ते पुढे येईलच, पण काउंटरवर जे झालं ते मनातून जात नाही, त्यामुळे जास्त बोलणं त्याच्यावरच होणार.

मी नाशिकमध्ये लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. फोटो ओढून पानावर आणायचे, कापायचे, बसवायचे. लग्नसराईत दिवसभर हात माउसवरच. ऐन सीझनमध्ये ओढलेला फोटो मध्येच सुटायला लागला. फोल्डर निवडायला एकदा क्लिक करावं, तर तो उघडूनच बसायचा. दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून झालं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून झाला. विंडोजमधली डबल-क्लिकची पट्टीही इकडून तिकडे सरकवली. काही फरक नाही.

छडा लागला तो भाच्यामुळे. बहीण सिडकोत राहते, तिचा मुलगा सुट्टीत आला की माझ्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट खेळतो. एके दिवशी ओरडला, "मामा, तुझा माउस भारी आहे! सीपीएस अकरा आला!" सीपीएस म्हणजे सेकंदाला किती क्लिक. त्याच्या घरच्या माउसवर त्याला सातच्या वर कधी जाता आलं नव्हतं. सिडकोहून इंदिरानगरला येईपर्यंत कुणाचं बोट एवढं वेगवान होत नाही.

हा वेग मोजणारी ऑनलाइन टेस्ट अगदी साधी असते. चौकोनात क्लिक करत राहायचं, दहा सेकंदांत ६८ झाले तर तुमचा वेग ६.८. एका बोटाने साधं क्लिक करणारा माणूस सहा-सातच्या आसपास असतो, मीही तिथेच. एक सेकंदाच्या टेस्टवर मात्र अजिबात जाऊ नका. तिथे एक क्लिक इकडे-तिकडे झाला की आकडा पूर्ण एकने बदलतो. शिवाय घड्याळ पहिल्या क्लिकला सुरू होत असेल तर तो क्लिक फुकटच मिळतो. दहा सेकंदांच्या टेस्टमध्ये हा फायदा एक दशांशावर येतो. मुलं मित्रांना एक सेकंदाचाच स्क्रीनशॉट का पाठवतात ते यावरून कळेल.

पण मला उपयोग झाला तो वेगाचा नाही, दोन क्लिकमधल्या अंतराचा. काही टेस्ट प्रत्येक क्लिकसमोर मागच्या क्लिकपासूनचे मिलिसेकंद दाखवतात. तसली शोधा. मी सावकाश, एकेक क्लिक मोजून केला, तरी मध्येच ८ किंवा १६ असा आकडा टपकायचा. माणसाचं एक बोट कितीही घाई केली तरी सेकंदाच्या शंभराव्या भागात दोनदा बटण दाबू शकत नाही. आणि ८, १६ हेच का? तर साधा माउस कॉम्प्युटरला सेकंदाला १२५ वेळा खबर देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. म्हणून ते आगंतुक आकडे आठच्या पाढ्यातच सापडत होते.

बटणाखाली धातूची छोटी पट्टी असते. ती संपर्कावर आपटली की काही मिलिसेकंद उडते, अगदी नव्या माउसमध्येसुद्धा. माउसच्या आतला प्रोग्राम तेवढा वेळ कान बंद ठेवतो. संपर्क झिजला की पट्टी त्याहून जास्त वेळ उडत राहते आणि एक दाब दोन क्लिक म्हणून मोजला जातो. विंडोजच्या पट्टीने हे का सुधारत नाही तेही यात आलं. मुळात ५०० मिलिसेकंदांच्या आतले दोन क्लिक विंडोज डबल-क्लिक धरतं, आणि ती पट्टी कितीही ओढली तरी २०० च्या खाली येत नाही. माझे तर ८ मध्ये येत होते.

एवढं समजल्यावर मी खुशीत सर्व्हिस सेंटरला गेलो. नाव घेत नाही. टोकन घेतलं, बराच वेळ बसलो. काउंटरवरच्या मुलाने माउस लावला, चार-पाच वेळा टकटक केलं आणि म्हणाला, "ओके आहे सर."

मी म्हटलं, "दर वेळी होत नाही, सावकाश केलं तर पंधरा-वीस क्लिकमध्ये एकदा होतं. ही टेस्ट उघडा, मी दाखवतो."

"ऑनलाइन टेस्ट आम्ही धरत नाही. वेबसाइटवर काहीही येतं."

"मग तुम्ही कशावर तपासता?"

"क्लिक करून."

यावर काय बोलणार? बरं, त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं, ते मी घरी येऊन वाचलं. २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची त्रुटी उघड झाली, तेव्हा ब्राउझर कंपन्यांनी वेबपानांना मिळणारं घड्याळ मुद्दाम थोडं ढोबळ केलं. पण ढोबळ म्हणजे फार तर एक-दोन मिलिसेकंदांनी. सेकंदाला सहा-सात क्लिक म्हणजे दोन क्लिकमध्ये साधारण दीडशे मिलिसेकंद, आणि त्याने दीडशेचे आठ होत नाहीत. हे त्याला सांगायला मी पुन्हा गेलो, तर त्या दिवशी काउंटरवर दुसराच मुलगा. पुन्हा पहिल्यापासून सगळं.

ह्याने फॉर्म तरी भरायला घेतला. तक्रारीच्या यादीत 'चालत नाही' होतं, 'केबल' होतं, 'चाक फिरत नाही' होतं. एका क्लिकला दोन क्लिक, हे कुठेच नाही. त्याने 'चालत नाही' वर टिक केली. मी म्हटलं, अहो चालतो, जास्तच चालतो. "सिस्टीम घेत नाही सर दुसरं काही." मग त्याने विचारलं, "घरी मुलं गेम खेळतात का?" मी भाबडेपणाने हो म्हटलं, तर लगेच चेहरा बदलला. गेममुळे बटण गेलं तर वॉरंटीत बसत नाही म्हणे. वॉरंटी कार्डावर असं कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटल्यावर आत जाऊन आला आणि तो विषय सोडला. खोक्यावर दोन कोटी क्लिक छापलेले आहेत. रोजचे पाच हजार धरले तरी ते संपायला जवळपास अकरा वर्षं लागतील. माझा माउस वर्षाचासुद्धा नव्हता.

त्याच्या संशयाला एक कारण आहे, ते भाच्याने नंतर सांगितलं. काही मुलं बोट बटणावरून घासत नेतात. घर्षणाने बटण थरथरतं आणि एकाच ओढीत क्लिकची रांग लागते. माझी जी तक्रार, तीच ह्यांची कला! हात ताठ करून थरथरवणं, दोन बोटं आळीपाळीने मारणं हेही प्रकार आहेत. गंमत म्हणजे माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत २०१६ च्या १.९ पासून प्रत्येक वारानंतर थोडं थांबलं तरच पुढचा वार पूर्ण ताकदीने बसतो. भराभर क्लिक करण्याची किंमत उरली आहे ती जुन्या १.८ पद्धतीने खेळणाऱ्यांकडे. मनगट दुखायला लागलं तर बंद कर, एवढं मी त्याला बजावलंय.

तर माउस जमा झाला, 'वर पाठवतो' असं सांगितलं गेलं. वाट पाहिली. फोन केला की तिकीट नंबर विचारायचे, मग गाणं लागायचं, मग फोन कटायचा. एक दिवस मेसेज आला की तक्रार बंद करण्यात आली आहे. जाऊन पाहतो तर माउस तसाच, सोबतच्या कागदावर 'दोष आढळला नाही'. मुंबई नाक्याच्या सिग्नलला तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. तेवढा वेळ तो सिग्नल देतोच.

मग मी व्हिडिओ काढला. मोबाइल स्टँडवर, स्लो मोशन २४० फ्रेमवर. एकाच चौकटीत माउस, बोट आणि स्क्रीनवरचा आकडा. सुरुवातीला माउस उलटा करून खालचा सिरियल नंबर दाखवला आणि तिथून व्हिडिओ न तोडता टेस्ट. बोट एकदा खाली जातं आणि मोजणी दोनने वाढते, हे कोणालाही दिसतं. मिलिसेकंदांवर वाद घालायला जागाच राहत नाही. हो, बोट प्रत्येक वेळी बटणावरून पूर्ण उचला, नाहीतर 'तुम्हीच दोनदा दाबलं' म्हणतील.

व्हिडिओ कंपनीच्या ईमेलवर पाठवला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथलं काम झटपट झालं. त्यानंतर कंपनीकडून स्वतःहून फोन आला, आणि त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये त्याच काउंटरवर नवा माउस मिळाला. सही घेताना मुलगा म्हणाला, "सर, व्हिडिओ आधीच दाखवायचा ना." मी फक्त सही केली. पण खरं सांगतो, बाहेर पडून कॉलेज रोडला कॉफी प्यायलो, एकटाच, मोठा कप.

अजून काही आठवलं ते लिहितो. टेस्ट लॅपटॉपच्या टचपॅडवर घेऊ नका, त्यावरून माउसचं काही कळत नाही. गेमिंग माउस असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्सची वेळ, म्हणजे क्लिकनंतर कान बंद ठेवायचा तो वेळ, वाढवता येते का बघा; काहींमध्ये येते आणि काही महिने निभावून जातं. माझ्या साध्या माउसमध्ये ती सोय नव्हती. माउस स्वतः उघडू नका, स्टिकर फाटला की वॉरंटी नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. नवा माउस आल्या दिवशीच दहा सेकंदांची टेस्ट घेऊन अंतरांची यादी जपून ठेवा. आणि बिल थर्मल कागदावरचं असेल तर आजच फोटो काढा. माझ्या बिलावर दुकानाचं नाव ठळक राहिलं होतं, तारीख मात्र टॉर्च तिरका धरून वाचावी लागली.