टिसिंग्टनच्या फुलविहिरी

टिसिंग्टन या इंग्लंडमधल्या गावात फुलापानांनी चित्रं करून विहिरी सजवण्याचा उत्सव असतो. उत्सवाच्या गुरुवारी येणाऱ्या पाहुण्यांना विहिरींवर सजलेली चित्रं दिसतात. पण या उत्सवातलं खरं सुख त्याआधीच्या चार-पाच दिवसांत असतं. ओल्या मातीचा वास, फुलांनी भरलेल्या बादल्या आणि एकाच फळीवर वाकलेल्या आजी, सून, नात.

डर्बीशर परगण्यातलं हे गाव जेमतेम दीडशे वस्तीचं. १६०९ साली बांधलेला टिसिंग्टन हॉल आणि त्यात राहणारं फिट्झहर्बर्ट घराणं, नॉर्मन काळातलं सेंट मेरी चर्च, बदकांचं तळं, एक चहाघर. १८९९ मध्ये रेल्वे आली, १९५४ मध्ये नेहमीच्या प्रवासी गाड्या थांबल्या. आता त्याच मार्गावरून अॅशबोर्न ते ‘पार्सली हे’ या ठिकाणापर्यंत १३ मैल पायी किंवा सायकलने जाता येतं.

गावात सजतात सहा विहिरी : हॉल, हँड्स, कॉफिन, टाउन, यू ट्री आणि मुलांची. विहिरी म्हणजे दगडी बांधणीचे झरेच. १३४८-४९ च्या महामारीत या पाण्यामुळे गाव वाचलं, असं काही जण मानतात. काही जण १६१५ च्या दुष्काळातही न आटलेल्या झऱ्यांची आठवण सांगतात. दोन्हींत कृतज्ञता पाण्याचीच.

चित्रं करतात ती लाकडी फळ्यांवर, मातीच्या थरात. फळ्यांवर खिळे ठोकलेले असतात, माती धरून राहावी म्हणून. फळ्या आधी काही दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. कोरडं लाकूड मातीतला ओलावा शोषून घेतं आणि मातीला भेगा पडतात. चिकणमातीत पाणी आणि मीठ घालून ती पायांनी तुडवतात. मिठामुळे ओल टिकते. इंचभर थर सारखा करायचा. माती फार सैल राहिली तर फळी उभी करताच चित्र घसरतं, आणि ते पाहणं फार जिवावर येतं.

मग चित्राचा कागद मातीवर पसरून रेषांवर टोचे मारतात. कागद काढला की ठिपक्यांवरून अल्डरच्या झाडाची काळी बोंडं किंवा कॉफीच्या बिया रोवून बाह्यरेषा पक्की करतात. शेवाळ, बिया, पानं असं टिकाऊ सामान आधी, पाकळ्या अगदी शेवटी. पाकळ्या लावायला सुरुवात खालून करायची आणि वरची पाकळी खालचीवर थोडी चढवायची, कौलं घालतात तशी. म्हणजे पाऊस वरून ओघळून जातो. नवखे लोक घाईत वरून सुरू करतात आणि पहिल्याच सरीत पाणी पाकळ्यांखाली शिरतं.

उत्सव ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, म्हणजे ईस्टरनंतर ३९ दिवसांनी. त्यामुळे तारीख ३० एप्रिल ते ३ जून यांत कुठेही पडते. सण लवकर आला की बागा अजून फुललेल्या नसतात, म्हणून कसलेले हात फुलं पाहून मगच चित्राचे रंग ठरवतात.

त्या सकाळी चर्चमधली प्रार्थना झाली की मिरवणूक एकेका विहिरीपाशी थांबते आणि तिथे आशीर्वाद दिला जातो. मुलांच्या विहिरीपाशी मात्र सगळ्यांनी थोडं जास्त रेंगाळावं. तिथल्या पाकळ्या वेड्यावाकड्या असतील, पण पुढची फळी सांभाळणारे हात तेच आहेत.

चित्रं साधारण आठवडाभर राहतात. उन्हात रोज पाणी शिंपडलं तरी पाकळ्या तपकिरी होतातच. बघायचं असेल तर गुरुवार किंवा शुक्रवार गाठावा.