तुम्ही विचारलंत म्हणून: तीन चमचे पाणी

“आई गेली म्हणूनच तुम्ही हे काम निवडलंत ना?”

हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलाय की उत्तर तोंडपाठ झालंय. “हो, तसंच काहीसं,” म्हणते आणि विषय बदलते. विचारणाऱ्याचं समाधान होतं. काही जण पुढचं वाक्य स्वतःच जोडतात, “दुःखाचं सोनं केलंत.” एकदा एका कार्यक्रमात माझी ओळख करून देताना हेच वाक्य माइकवरून म्हटलं गेलं. टाळ्या पडल्या. त्यानंतर वीस मिनिटं मी काय बोलले ते मला आजही आठवत नाही.

आपल्या भाषेत संधीचं सोनं करतात. आईचं जाणं ही काय संधी होती?

चिडून लिहितेय, कळतंय मला. विचारणारे चांगल्या मनानेच विचारतात. पण तोंडपाठ उत्तर देऊन देऊन मी थकले आहे, म्हणून एकदाच नीट सांगते. आईला पक्षाघात झाला, अकराव्या दिवशी ती गेली, तेव्हा मी १८ वर्षांची होते, पुढे मी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्याच्या आणि गिळण्याच्या त्रासांवर काम करणारी, झाले आणि दर रविवारी रुग्णांच्या नातेवाइकांना मोफत शिकवते, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नाही तो सहावा दिवस.

संध्याकाळची भेटीची वेळ होती. बाबा औषधं आणायला खाली गेले होते. आईची उजवी बाजू लुळी पडली होती, नाकात नळी होती आणि इतक्या दिवसांत तिच्या तोंडून एकच शब्द परत आला होता, “हो.” तो पहिल्यांदा आला तेव्हा बाबा, मी आणि धाकटा भाऊ, तिघंही रडलो होतो. “दुखतंय का?” “हो.” “झोपायचंय?” “हो.” आम्ही एकमेकांना सांगत होतो, तिला सगळं कळतंय, फक्त बोलता येत नाही.

तिचे ओठ सुकले होते. खालच्या ओठाची साल निघून मधे लाल दिसत होतं. मी विचारलं, “आई, पाणी हवंय?”

“हो.”

इथून पुढचं मी अनेक वर्षं मनातल्या मनात एकाच पद्धतीने सांगत आले. तोंडातून काही द्यायचं नाही हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ते खरं नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टर बाबांना म्हणाल्या होत्या, “तोंडातून काही देऊ नका हं.” मी शेजारीच उभी होते. मी ऐकलं होतं. का द्यायचं नाही ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही, पलंगापाशी पाटीही नव्हती. मला वाटलं, काही म्हणजे खायला काही. पाणी म्हणजे ‘काही’ असतं असं मनातसुद्धा आलं नाही. आणि बघा, हे लिहितानाही मी सिस्टरांच्या वाक्यात पळवाट शोधतेच आहे.

पाण्याच्या भांड्यासोबत स्टीलचा छोटा चमचा होता. पलंगाचं डोकं थोडंसं वर केलेलं होतं, ते आणखी वर करायला हवं हे मला माहीत नव्हतं. पहिला चमचा गेला. दुसऱ्यातलं निम्मं पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळून मानेवर आलं, ते मी रुमालाने टिपलं. तिसरा अख्खा गेला. ठसका लागला नाही, एकदाही नाही. मी विचारलं, “बरं वाटलं?” ती म्हणाली, “हो.” पण हा ‘हो’ आधीच्यासारखा नव्हता. तोंडात पाणी धरून कुणी बोलावं तसा, बुडबुड्यांमधून आल्यासारखा होता. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मला इतका आनंद झाला की बाबा परत आल्यावर मी त्यांना काही सांगितलंच नाही. ते आमच्या दोघींतच राहावं असं वाटलं.

आठव्या दिवशी तिला ताप भरला. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग होता. न्यूमोनिया. अकराव्या दिवशी पहाटे ती गेली.

चमच्यांचं मी डॉक्टरांना सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच.

पुढच्या वर्षी प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं, हाच अभ्यासक्रम का? मी म्हणाले, “माझी आई शेवटी बोलू शकत नव्हती. तिच्यासारख्या पेशंटना मला बोलतं करायचंय.” समोरच्या तिघांनी माना डोलावल्या. त्या १९ वर्षांच्या मुलीशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. तिने खोटं सांगितलं नाही, पण ऐकायला बरं वाटेल तेवढंच सांगितलं, आणि त्याच सांगण्यावर पुढे माझी सगळी ओळख उभी राहिली. तिला खरंच सेवा करायची होती का? बरीच वर्षं मी म्हणत होते, छे, तिला स्वतःला शिक्षा करून घ्यायची होती, दुसरं काही नाही. आता तेही पुरतं पटत नाही. कारण पहिल्या वर्षी तिला मजा येत होती. आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि घसा कसा काम करतो हे वाचताना ही मुलगी रात्र रात्र रंगून जायची. श्वासाची वाट आणि अन्नाची वाट घशात एकमेकींना छेदतात. प्रत्येक घोटाला श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वररज्जू मिटतात, कंठच्छद झाकणासारखा खाली येतो आणि घोट पुढे सरकला की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. सेकंदभराचं काम. दिवसातून शेकडो वेळा, झोपेतसुद्धा, आपल्याला पत्ता न लागता. मला ते फार सुंदर वाटलं होतं. त्याची तेव्हा लाजही वाटली होती.

दुसऱ्या वर्षी गिळण्याच्या विकारांचे तास सुरू झाले. पक्षाघातानंतर पहिल्या काही दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळताना त्रास असतो. त्यात पाणी सगळ्यात अवघड. दाटसर घास सावकाश सरकतो, पाणी मात्र गिळण्याची क्रिया सुरू व्हायच्या आत घशात उतरतं आणि श्वासनलिकेत शिरू शकतं. घशातली जाणीव गेली असेल तर ठसकाही लागत नाही. तेव्हा आवाज ऐकायचा, तो ओला, गुळगुळल्यासारखा झाला का ते बघायचं. श्वासनलिकेची उजवी शाखा, म्हणजे उजवी श्वसनी, डावीपेक्षा रुंद आणि जास्त उभी असते, म्हणून आत गेलेलं पुष्कळदा उजव्या फुप्फुसात उतरतं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. त्या पानावरचं अक्षर अगदी नीट आहे. माझ्या हाताला त्या दिवशी काही झालं नव्हतं.

झालं ते आठवड्याभराने, वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवते त्या विकाराच्या, तासाला. आमच्या बाई पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांविषयी शिकवत होत्या. १८६१ साली पॅरिसमध्ये त्यांनी ज्या रुग्णाचा मेंदू तपासून वाचेचं स्थान दाखवलं, तो लबोर्न्य जवळजवळ कशालाही ‘टॅन’ एवढंच उत्तर द्यायचा. मग बाई आजच्या रुग्णांकडे वळल्या. म्हणाल्या, वाचाघात तीव्र असेल तर ‘हो’वर विसंबू नका. शब्द तोंडात उरलेला असतो, अर्थ उरलेला असेलच असं नाही. म्हणून प्रश्न उलटसुलट विचारायचा. दिवा लागलाय का? दिवा बंद आहे का? दोन्हीला ‘हो’ आलं की समजायचं, हे उत्तर धरता येणार नाही.

मी उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसले. तोवर माझ्याकडे निदान एवढं तरी होतं की आईने पाणी मागितलं आणि मी ते दिलं. आता तेही गेलं. दुखतंय का, हो. झोपायचंय का, हो. आम्ही तिघांनी सहा दिवसांत तिला असा एकही प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर ‘नाही’ असायला हवं होतं.

तेव्हा शिक्षणाने तुम्हाला सावरलं असं कुणी म्हणालं की माझ्या आत काहीतरी आवळतं. माझ्या शिक्षणाने मला त्या संध्याकाळचा एकेक सेकंद समजावून सांगितला. न शिकते तर तो आवाज विसरूनही गेले असते कदाचित. आईच्या आठवणींत ती संध्याकाळ ‘तिला शेवटचं पाणी पाजलं’ म्हणून राहिली असती, आणि ते फार वाईट झालं नसतं.

शेवटच्या वर्षी मी बाईंना सगळं सांगितलं. सांगण्यासारखी तेव्हा ती एकच व्यक्ती होती. विचारलं, “माझ्यामुळे झालं का?” मला वाटलं होतं त्या पटकन नाही म्हणतील. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सांगता येत नाही. गिळणं बिघडलेलं असलं की रुग्णाची स्वतःची लाळसुद्धा फुप्फुसात जाते, तोंड स्वच्छ नसेल तर त्यातले जंतूही जातात. पाण्याशिवायही हे झालं असतं. पण पाण्याने झालं नाही, असं मी म्हणू शकत नाही.” इतक्या वर्षांत माझ्याशी यापेक्षा प्रेमाने कुणी बोललेलं मला आठवत नाही. त्याच आठवड्यात एका नातेवाइकांनी मला दुःखाचे पाच टप्पे समजावून सांगितले होते, तू आता शेवटच्या टप्प्याशी, स्वीकाराशी आलीस म्हणाले. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी ते टप्पे १९६९ साली मांडले, ते मुळात स्वतः मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या माणसांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. मला कोणता जिना चढायचा होता आणि मी कितव्या पायरीवर आहे, हे मला आजही कळत नाही. काही दिवस काम करते, काही दिवस तो चमचा दिसतो. बरेचदा दोन्ही एकाच दिवशी.

रविवारच्या वर्गाविषयीही विचारता, म्हणून तेही सांगते. नातेवाइकांना मी आधी खुर्चीत रेलून बसायला सांगते आणि हातात पाण्याचा पेला देते. मान मागे टाकून एक घोट घ्या म्हणते. मग सरळ बसून, हनुवटी किंचित खाली घेऊन दुसरा घोट. स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून स्वरयंत्र वर जाताना जाणवू दे. ते जाणवलं की लोकांचे चेहरे बदलतात. आयुष्यभर पाणी प्यायलेलं असतं आणि हे कधी कळलेलं नसतं. मग बाकीचं सांगते. थेरपिस्टने तपासून हो म्हटल्याशिवाय तोंडातून काहीही नाही, आणि काही म्हणजे पाणीसुद्धा. परवानगी मिळाल्यावरही पूर्ण सरळ बसवायचं, छोटा चमचा, एक घोट गिळून झाल्याची खात्री झाल्यावरच दुसरा, मग ‘आ’ म्हणायला लावून आवाज ऐकायचा, नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. ओठ सुकले तर ओला बोळा फिरवायचा, दात आणि जीभ रोज साफ करायची. आणि दर वेळी ‘का’ ते सांगायचं. हा वर्ग खरं तर त्या एका ‘का’साठीच आहे.

मागे एकदा वर्ग संपल्यावर एक मुलगा थांबला. सतरा-अठराचा असेल. म्हणाला, “ताई, मी काल वडिलांना पाणी पाजलं.” मी विचारलं, किती, केव्हा, आता श्वास कसा चाललाय, अंग गरम आहे का. त्याला घेऊन वॉर्डात गेले, सिस्टरांना सांगायला लावलं. तो सांगताना थरथरत होता. मी मागे उभी होते. त्याला माझी गोष्ट सांगावी असं दोनदा मनात आलं. नाही सांगितली. वाटलं, त्याला त्यात शेवट दिसेल. “सांगितलंस ते बरं केलंस,” एवढंच म्हणाले. त्याच्या वडिलांना काही झालं नाही. महिन्याभराने माझ्यासमोर ते पेल्याने पाणी प्यायले, सावकाश, हनुवटी खाली घेऊन, आणि तो मुलगा हसला. तुम्हाला वाटेल त्या क्षणी माझं सगळं सार्थक झालं. मला त्या मुलाचा हेवा वाटला. इतका, की घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. पुढच्या रविवारी वर्गाला गेले. त्याच्या पुढच्याही.

मग आई गेली म्हणूनच का? ती असती तर मी काय झाले असते ते मला माहीत नाही. कदाचित हेच. घसा कसा काम करतो ते मला आवडलं होतं, त्याला तिचं जाणं कारण होतं की नाही, कसं सांगू? ती जाऊन मला ध्येय मिळालं असं म्हटलं की हिशेब फिटल्यासारखा वाटतो. तो मला फिटलेला चालणार नाही.

ओठ सुकलेले होते, म्हणजे तहान लागलेली असणारच, असं मी कधीकधी स्वतःला सांगते. आणि तिने माझं मनगट धरलं होतं, तेही तिसऱ्या चमच्यानंतर. पण मनगट ती बाबांचंही धरायची. रक्त घ्यायला येणाऱ्या मुलाचंही धरायची.