गाडग्यातली माती

शनिवारचा शेवटचा तास संपला आणि एस.वाय.ची एक विद्यार्थिनी आजोबांना घेऊन आमच्या ठाण्याच्या कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये आली. आजोबा नागपूरकडचे शेतकरी, थोरल्या लेकाकडे कळव्याला आलेले. हातात सुतळीने बांधलेलं खोकं.

"वावरात निघालं मॅडम. किती जुनं हाय, इतकंच विचारून राहिलो."

आत लोखंडी कुऱ्हाड होती. पातं दांड्याला आवळणारी फुलीच्या आकाराची लोखंडी कडी गंजून तिथेच चिकटलेली. टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड, विदर्भातल्या शिळावर्तुळांची ही ओळखच. मोठाल्या दगडांचं कडं, आत गोटे-मातीचा भराव, त्याखाली माणसाची हाडं, भांडी, हत्यारं, कधी घोडासुद्धा. सोबत एक वाडगा, आतून आणि काठाला काळा, खाली लाल. पालथा घालून भाजला की असा रंग येतो. सूनबाईंनी तो भांड्यांच्या साबणाने लख्ख घासला होता. तिसरं एक लहान गाडगं, अभ्रकाने चमचमणारं, गळ्यापर्यंत मातीने भरलेलं.

दगडाच्या वयाचा इथे उपयोग नसतो. तिकडचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. तो थडग्याभोवती कधी रचला हे त्याला विचारून कळत नाही. विचारायचं ते आतल्या कोळशाला, हाडाला, मातीला. 1947 मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी कर्नाटकात ब्रह्मगिरीच्या थडग्यांच्या दगडी पेट्या खोदल्या तेव्हा कोळशातल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत हाती नव्हती. थरांवरून त्यांनी काळ ठरवला तो इ.स.पू. 200 नंतरचा. पुढे कोळशाच्या तारखा येत गेल्या आणि दक्षिणेतली ही प्रथा कितीतरी शतकं मागे सरकली.

विदर्भाचं दुखणं वेगळं आहे. इ.स.पू. 800 ते 400 या काळात हवेतल्या कार्बन-14चं प्रमाण असं बदलत गेलं की तेव्हाच्या लाकडाच्या तारखा एकमेकींवर चढून बसतात. आलेखाचा तो भाग सपाट. त्याला हॉलस्टाट पठार म्हणतात, आणि विदर्भातली बहुतेक वर्तुळं नेमकी याच चारशे वर्षांतली. कोळसा तपासला तर आजा आणि खापरपणतू एका वयाचे निघतात.

म्हणून तर मातीचं मोल. वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं हे ल्युमिनेसन्स पद्धतीने काढता येतं. त्यातही शे-दोनशे वर्षं इकडेतिकडे होतात, पण ते उत्तर पठारावर अडकत नाही. अट एकच, नमुन्याला उजेड लागता कामा नये. उत्खननात आम्ही पोलादी नळी ठोकून, दोन्ही तोंडं बंद करून, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून माती आणायचो. नळीवर कुणाची सावली हलली तरी मी ओरडायचे.

त्या दिवशी मी आजोबांना जेसीबी लावल्याबद्दल बोलले. वाडगा घासल्याबद्दल बोलले. आणि बोलता बोलताच ते गाडगं खिडकीपाशी नेऊन पेपरावर पालथं केलं. आत हाड आहे का, एवढंच बघायचं होतं. वरची बोटभर माती आधीच उजेड पाहून बसली होती. आतली मात्र अडीच हजार वर्षांच्या आसपास अंधारात होती. ती सगळी भसकन पडली. ढेकूळ फुटलं, ज्वारीच्या दाण्याएवढे कोळशाचे दोन तुकडे घरंगळत आले, आणि मग मला कळलं मी काय केलं ते. कँटीनमधून कोरी फॉईल आणून ते तुकडे चिमट्याने गुंडाळले. मातीसाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "पाच हजार वर्षं सांगून टाका, आजोबा खूश होतील." इतिहास शिकवणाऱ्या माणसाने हे म्हणावं याचा राग अजून गेलेला नाही.

आजोबांवरचा राग मात्र तिथेच गेला. त्यांच्या सातबाऱ्यावर त्या जागेची नोंद काय, तर पोटखराब, म्हणजे पेरणीला निकामी. हे थडगं आहे, याला हात लावू नका, असं सांगायला आजवर कुणीही त्यांच्या बांधावर गेलेलं नाही. जमिनीत सापडलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा कायदा 1878 पासून आहे, हेही त्यांनी माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. अर्ज मीच लिहिला. काळ लिहिला, अंदाजे इ.स.पू. 800 ते 400.

त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "चारशे वर्षांत त पंधरा पिढ्या होतात, मॅडम. त्यातली कोणती?"

मला उत्तर देता आलं नाही. ते सुतळी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "वरच्या अंगाला अजून एक गोल हाय. त्याच्या एका गोट्यावर वाटीसारखे खड्डे हायेत. पोरं गोट्या खेळायची त्यात."

"आजोबा, त्याला कुणी हात लावू देऊ नका."

"मी नाही लावू देत. पण तुम्ही लवकर या. धाकटा तेही वावर सपाट करतो म्हणून राहिला."