पापुद्र्याची घडी

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मला मोलिब्डेनाइट मिळालं, म्हणजे खनिज रूपातलं मोलिब्डेनम डायसल्फाइड. काळपट, चकचकीत, बोटांत चोळलं की ग्रीससारखं निसटणारं. वर-खाली गंधक आणि मधे मोलिब्डेनम असा एकेक थर. थराच्या आत बंध पक्के, दोन थरांमधली पकड अगदी हलकी. म्हणून विद्युतप्रवाह थराच्या दिशेने सहज जातो, एका थरातून दुसऱ्यात जाताना अडखळतो. थरातल्या अणूंच्या ओळींमधलं आणि दोन थरांमधलं अशी दोन अंतरं इलेक्ट्रॉन विवर्तनाने मोजायची, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये नमुन्यातून झोत पाठवून पडद्यावर उमटणाऱ्या ठिपक्यांवरून काढायची, एवढंच काम होतं. त्यात अख्खं सत्र गेलं.

पूड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टाकून अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवली आणि तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या ग्रिडवर, म्हणजे नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर, एक थेंब सोडला. २०० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.०२५१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). हिरव्या पडद्यावर ठिपके दिसले खरे, पण एका बाजूला ठळक आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीतच. नमुना कलवायला मी अंदाजाने टिल्ट फिरवत राहिले आणि पापुद्राच हरवून बसले.

यंत्र सांभाळणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "अगं, ठिपक्यांमागे धावू नकोस. रेषा धर." त्यांनी जरा जाड पापुद्रा शोधला. तिथे उजळ-काळ्या रेषांच्या जोड्या होत्या. जपानी भौतिकशास्त्रज्ञ किकुचींनी १९२८ मध्ये अभ्रकात त्या पाहिल्या. अभ्रकही थरांचंच! जाड नमुन्यात काही इलेक्ट्रॉन आधी सगळीकडे विखुरतात आणि मग स्फटिकाच्या प्रतलांवरून त्यांचं विवर्तन होतं. त्यामुळे या रेषा स्फटिकाला चिकटलेल्या असतात. स्फटिक कलवला की त्याही सरकतात, आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे झोन ॲक्सिस, म्हणजे झोत ज्या दिशेने गेला तर चित्र समतोल येतं ती स्फटिकाची दिशा. इथे ब्रॅग कोन, म्हणजे प्रतलांवरून विवर्तन होण्याचा कोन, जेमतेम पाव अंश भरतो, म्हणजे अर्धा अंश चूक झाली तरी चित्र लंगडं होतं. रेषांचा छेद मधल्या तेजस्वी ठिपक्यावर आणला आणि षटकोनातले सहाही ठिपके सारखेच उजळले. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

मग मोजमाप. केंद्रापासून ठिपका ४.७६ मिलिमीटरवर. यंत्रावर कॅमेरा लेंथ, म्हणजे नमुन्यापासून चित्रापर्यंतचं हिशेबाचं अंतर, ५०० मिलिमीटर दिसत होती, म्हणून थरातलं अंतर आलं २.६४ अँगस्ट्रॉम. हवं होतं २.७४. दोन आठवडे मी नमुन्यालाच दोष देत होते. शेवटी सोन्याच्या पातळ थराची वलयं घेतली. पहिलं वलय २.३५५ अँगस्ट्रॉमचं, ते ५.५४ मिलिमीटरवर आलं. म्हणजे खरी कॅमेरा लेंथ ५२० च्या आसपास होती. पडद्यावरचा आकडा नाममात्र असतो, सोन्यावर तपासून घेतल्याशिवाय तो वहीत लिहायचाच नाही. नवा गुणक लावला आणि २.७४ बरोबर आलं.

दुसरं अंतर मात्र हाती लागेना. ताटात टाकलेले पापड आडवेच पडतात, तसे हे पापुद्रेही ग्रिडवर आडवेच. झोत थरांना लंब, म्हणून दिसते ती फक्त थरातली मांडणी. थरांमधलं अंतर दिसायला थर झोताला समांतर हवेत, आणि नमुना धरणारा आमचा होल्डर ३० अंशांपलीकडे कलत नव्हता.

उत्तर कडेला होतं. एका पापुद्र्याची कड वहीच्या पानासारखी दुमडली होती, आणि घडीच्या वळणावर थर उभे होते. सर्वांत लहान ॲपर्चर, म्हणजे नमुन्याचा एवढासाच भाग निवडणारं छिद्र, तिथे नेलं. षटकोनाच्या आत, केंद्राला अगदी लागून, दोन्ही बाजूंना ठिपक्यांची एक सरळ ओळ. पहिला ठिपका २.१२ मिलिमीटरवर, म्हणजे ६.१५ अँगस्ट्रॉम. हेच थरांमधलं अंतर! प्रतिमा आणि विवर्तनचित्र यांच्यातला फिरकीचा कोन वजा केला, तर ओळ घडीला काटकोनात येत होती. खात्रीसाठी शेजारच्या दुसऱ्या घडीवर ॲपर्चर नेलं. ती घडी तिरकी होती. ओळही तेवढीच तिरकी झाली.